वीज आली का, हे शेवटच्या घरात जाऊन विचारा

प्रति,
माननीय जिल्हाधिकारी,
रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग

विषय: चक्रीवादळानंतर वीजपुरवठा पूर्ववत करण्याची तयारी

महोदय,

३ जून २०२० रोजी दुपारी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आले. वाऱ्याचा वेग ताशी शंभर किलोमीटरच्या वर होता. वादळ काही तासांत पुढे सरकले. श्रीवर्धन, म्हसळा, मुरुड, मंडणगड, दापोली या तालुक्यांतल्या कित्येक वाड्यांत मात्र दिवा लागायला आठवडे गेले. पुढच्याच वर्षी, मे २०२१ मध्ये, तौक्ते कोकणच्या किनाऱ्याला न टेकता समुद्रातूनच गुजरातकडे गेले, तरीही सिंधुदुर्गापासून रायगडापर्यंत खांब आडवे झाले.

आम्ही उच्चदाब आणि लघुदाब वाहिन्या उभारणारी व दुरुस्त करणारी माणसे: काही निवृत्त अभियंते, काही लाईनमन, काही परवानाधारक ठेकेदार. वाहिन्यांचे काम वीज कंपनीचे आहे आणि ते ती करते. पण वादळानंतर दिवस वाया जातात ते ज्या गोष्टींमुळे, त्यांतल्या बऱ्याचशा वीज कंपनीच्या हातात नसतात. रस्ते, गोदामाची जागा, डिझेल, पोलिसांचा वायरलेस, ग्रामपंचायती, आयटीआय, पाणी योजना ही सगळी सूत्रे जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाचे अध्यक्ष म्हणून आपल्या हातात आहेत. म्हणून हे पत्र आपल्याला.

खड्डा तयार असेल, जेसीबी जवळ असेल आणि सहा अनुभवी माणसे असतील तर एक खांब अर्ध्या तासात उभा राहतो. पण तो खांब घाट उतरून तालुक्याला यायला चार दिवस लागतात, तालुक्यातून वाडीवर न्यायला दोन दिवस, आणि बाहेरगावच्या पथकाला कोणती वाहिनी कुठून फुटते आणि कुठे संपते हे कळायला आणखी एक दिवस. खांब उभे झाल्यावर डीपीपासून (म्हणजे वस्तीला वीज देणाऱ्या रोहित्रापासून, ट्रान्सफॉर्मरपासून) घरापर्यंतचे काम राहते. ते कोणाच्याच तक्त्यात नसते म्हणून रेंगाळते. आमचे सगळे म्हणणे या दिवसांबद्दल आहे.

आधी मोजणीबद्दल. वादळानंतर रोज संध्याकाळी आपल्याकडे तक्ता येतो: इतकी उपकेंद्रे सुरू, इतके फीडर सुरू, इतकी गावे सुरू. आकडे खोटे नसतात. पण ११ केव्हीचा फीडर, म्हणजे उपकेंद्रातून गावांकडे निघणारी वाहिनी, चालू झाला, याचा अर्थ कधी कधी इतकाच असतो की पहिल्या एबी स्विचपर्यंत (वाहिनी मध्येच तोडणाऱ्या स्विचपर्यंत) वीज गेली. गावातली एक डीपी चालू झाली की गाव सुरू धरले जाते. त्याच गावाच्या कोळीवाड्याची, बौद्धवाडीची, डोंगरावरच्या आदिवासी वाडीची डीपी वेगळी असते, आणि ती बहुतेक वेळा फीडरच्या शेपटाला असते. तक्त्यात गाव हिरवे झाले की पथक पुढच्या गावाला जाते. मागे राहिलेल्या वाडीला मग कोणी वाली उरत नाही.

म्हणून तक्ता डीपीनुसार ठेवा. प्रत्येक डीपीची एक ओळ: डीपीचे नाव, तिच्यावरच्या एकूण जोडण्या, आज रात्री आठ वाजता किती घरांत दिवा लागला, आणि हे कोणी पाहिले. पाहणारा माणूस वीज कंपनीचा नसावा. आशाताईला प्रत्येक घर ठाऊक असते, पोलीस पाटलाला वाडी ठाऊक असते. डीपी आणि जोडण्यांची यादी शाखा कार्यालयात तयारच आहे. ती एप्रिलमध्ये मागवून ग्रामपंचायतवार छापून ठेवली की वादळानंतर फक्त शेवटचे दोन रकाने भरायचे राहतात.

दुरुस्तीचा क्रम बदला असे आम्ही म्हणत नाही. आधी पारेषणची अतिउच्चदाब वाहिनी, मग ३३ केव्ही, मग उपकेंद्र, मग ११ केव्हीचा मुख्य तारमार्ग, मग फाटे, मग डीपी, मग लघुदाब तारा, हा क्रम बरोबरच आहे; वरचे सुरू झाल्याशिवाय खालचे सुरू होत नाही. मागणी एवढीच की फीडर चालू झाल्याच्या दिवशी बाहेरची पथके परत पाठवू नका. कामाचा मोठा वाटा त्यानंतरचा असतो.

आता साठ्याचे. अरबी समुद्रातली वादळे दोन हंगामांत येतात, मे-जून आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. तौक्ते मेमध्ये आले, निसर्ग जूनमध्ये, २००९चे फयान नोव्हेंबरमध्ये. तेव्हा साठा तपासायच्या तारखा दोन: ३० एप्रिल आणि ३० सप्टेंबर. साठा जिल्ह्याला नको, तालुक्याला हवा. ताम्हिणी, वरंध, आंबेनळी यांपैकी एका घाटात दरड आली, वाटेवरच्या दहा-वीस किलोमीटरमध्ये झाडे पडली, की नऊ मीटरचे खांब लादलेला ट्रेलर पुढे सरकत नाही, आणि गावातल्या वळणावर तर तो वळतच नाही.

किती साठा? ११ केव्हीच्या एका किलोमीटरला साठ-पासष्ट मीटरच्या अंतराने सोळा खांब लागतात. तार तिहेरी, त्यात झोळ आणि जोड धरून ३.१ किलोमीटर. पिन इन्सुलेटर खांबाला तीन, म्हणजे अठ्ठेचाळीस. आमच्या हिशेबाने किनाऱ्यावरच्या तालुक्याने पहिल्या चार-पाच दिवसांपुरते पंधरा किलोमीटर ११ केव्ही आणि दहा किलोमीटर लघुदाब वाहिनीचे सामान हाताशी ठेवावे: उच्चदाबाचे २४० खांब, लघुदाबाचे २२०, ४६-४७ किलोमीटर तार, दहा किलोमीटर आवरणाची एबी केबल, आणि ६३ व १०० केव्हीएची मिळून पंधरा-वीस रोहित्रे.

तार कोणती ठेवता याला किनाऱ्यावर महत्त्व आहे. पोलादी गाभ्याची ‘रॅबिट’ तार किलोमीटरला सुमारे २१४ किलो भरते. तिच्या बदली चालणारी, सगळीच अॅल्युमिनियम मिश्रधातूची ५५ चौरस मिलिमीटरची तार सुमारे १५० किलो. वर सांगितलेला साठा पहिल्या तारेत दहा टनांचा होतो, दुसरीत सातचा. शिवाय खाऱ्या हवेत पोलादी गाभा आतून गंजतो आणि वरून दिसत नाही. वादळात तार तुटते ती तिथे. खांबांचेही तसेच. सिमेंटचा आठ मीटरचा खांब तीनशे किलोंच्या पुढे जातो. शंभर बाय एकशे सोळाचा लोखंडी खांब त्याच लांबीला १८५ किलोंच्या आसपास भरतो, आणि आठ माणसे तो खांद्यावरून डोंगरावरच्या वाडीत नेऊ शकतात. लोखंड गंजते, रंग मागते, हे खरे. पण जिथे जेसीबी जात नाही तिथे सिमेंटचा खांब रस्त्यावरच पडून राहतो. दोन्ही प्रकार ठेवा, आणि कोणत्या वाडीला कोणता हे आधी लिहून ठेवा.

मोठ्या सामानापेक्षा जास्त अडवते ते बारीक सामान. खांब येतात, क्रॉस आर्मचे बोल्ट येत नाहीत. इन्सुलेटर येतात, पिना येत नाहीत. पन्नास पैशांच्या लगसाठी डीपी बंद राहते. यावर साधा उपाय आहे: एका खांबाचे एक पोते. त्यात एक व्ही क्रॉस आर्म, एक टॉप ब्रॅकेट, पिनांसह तीन इन्सुलेटर, मागचे क्लॅम्प, नट-बोल्ट आणि वॉशर, बांधणीची अॅल्युमिनियम तार, अर्थिंगची कॉइल. पोत्यावर रंगाने ‘११ केव्ही, सरळ’ असे लिहावे. वळणावरच्या आणि टोकाच्या खांबांचे पोते वेगळे, त्यात डिस्क इन्सुलेटर, स्ट्रेन क्लॅम्प आणि स्टेचा (खांबाला तिरका धरून ठेवणाऱ्या ताणतारेचा) पूर्ण संच. डीपीचे तिसरे: डीओ फ्यूज (रोहित्राच्या ११ केव्ही बाजूचे), फ्यूजची तार, लाईटनिंग अरेस्टर, पीजी क्लॅम्प, तांबे-अॅल्युमिनियम जोडाचे बायमेटल लग. मे महिन्यात कोरड्यात बसून भरलेले पोते जूनच्या पावसात चार माणसांचा अर्धा दिवस वाचवते.

सामान वेळेवर हाती नसले की काय होते ते पोर्टो रिकोत दिसले. २० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया वादळाने साऱ्या बेटाची वीज गेली. खांब, तार, रोहित्रे समुद्रमार्गे आणावी लागली, आणि डोंगराळ भागातल्या शेवटच्या घरांपर्यंत वीज पोहोचायला अकरा महिने लागले. आपल्याला समुद्र ओलांडायचा नाही, घाट उतरायचा आहे. पण वाट अडली की दोन्हीत फरक राहत नाही.

वादळ ओसरल्यावर पहिले चोवीस तास पाहणीचे. दोन माणसे, एक मोटरसायकल, कोयता, दोरी आणि वही. उपकेंद्रापासून शेपटापर्यंत खांब क्रमांकाने लिहीत जायचे: उभा, कललेला, मोडलेला, पडलेला, तार तुटलेली की नुसती खाली आलेली, क्रॉस आर्म वाकला का, इन्सुलेटर फुटला का. कोकणात फाटे धरून एकेका फीडरची लांबी चाळीस-पन्नास किलोमीटरच्या घरात जाते, त्यामुळे एका फीडरला अशा चार-पाच जोड्या लागतात. त्यातला एक माणूस गावचा हवा. वाहिनी रस्ता सोडून डोंगरात कुठे शिरते, ओढा कुठे ओलांडते, हे त्यालाच माहीत असते. आपल्याकडून हवे ते इतकेच की प्रत्येक ग्रामपंचायतीने असे दोन वाटाडे आधी ठरवावेत, त्यांची मजुरी ठरवावी आणि नावे शाखा कार्यालयात द्यावीत. विदर्भातून किंवा पश्चिम महाराष्ट्रातून आलेले पथक कितीही तरबेज असले तरी वाटाड्याशिवाय त्याचा पहिला दिवस फिरण्यातच जातो.

रस्ता मोकळा करणाऱ्यांना एक सूचना लेखी द्या. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, बांधकाम खाते, गावचे तरुण, सगळेच झाडे कापत येतात आणि झाडाखालची तारही कापून टाकतात. पाच-पाच मीटरचे तुकडे झालेली तार भंगारात जाते. अखंड राहिली असती तर तीच परत ओढता आली असती. तार बंद असल्याची खात्री वीज कर्मचाऱ्याने दिल्यावर ती गुंडाळून बाजूला ठेवावी, कापू नये. झाडाचे ओझे घेतलेली तार ताणलेल्या धनुष्यासारखी असते. माडाचा बुंधा करवतीने सुटला की तार उसळते, कललेला खांब उलट दिशेला फेकला जातो. आधी दोन्ही बाजूंच्या खांबांवर तारेचा ताण क्लॅम्प आणि पुलिंग लिफ्टने उतरवायचा, मग झाड कापायचे.

यापुढची गोष्ट माणसांच्या जिवाची आहे. ती सविस्तर लिहितो.

वाहिनीवर चढण्यापूर्वी लाईनमन उपकेंद्रातून ‘लाईन क्लिअर’ घेतो, म्हणजे वाहिनी बंद असल्याचे आणि ती परत येईपर्यंत बंदच राहील याचे लेखी परमिट. नेहमीच्या दिवसांत हे फोनवर क्रमांक देऊन होते. वादळानंतर मोबाइल टॉवरच्या बॅटऱ्या काही तासांत संपतात आणि फोन मरतो. मग एक घातक पद्धत सुरू होते: ‘चार वाजता चालू करतो, तोवर खाली उतरा.’ घड्याळावर वाहिनी चालू करणे म्हणजे कोणाच्या तरी घरी प्रेत पाठवणे. एका फीडरवर चार पथके काम करीत असतील तर चार परमिटे, आणि चौघांनी आपापली माणसे मोजून, डिस्चार्ज रॉड (तार जमिनीला जोडणारा दांडा) काढून, सही करून परत दिल्याशिवाय हँडलचे कुलूप निघता कामा नये. फोन नसेल तर परमिट माणसाच्या हाताने जावे-यावे. पोलिसांची वायरलेस यंत्रणा मोबाइलवर अवलंबून नसते. प्रत्येक उपकेंद्रावर एक वायरलेस संच आणि एक शिपाई, प्रत्येक पथकामागे मोटरसायकलवाला एक होमगार्ड, एवढे आपण दिलेत तर घड्याळाची गरज उरत नाही. आणि मोबाइल टॉवरला डिझेल पोहोचवणे हे आपण वीज दुरुस्तीचेच काम समजा.

परमिट घेऊनही माणसे दगावतात, त्याचे कारण गावातले जनित्र. ११,००० व्होल्टचे ४३३ करणारे रोहित्र उलट्या बाजूनेही तितकेच इमानाने चालते. लॉजवाल्याने अंधार झाला म्हणून पेट्रोलवरचे छोटे जनित्र काढले, दोन टोकांना दोन पिना असलेली वायर करून घरातल्या सॉकेटमध्ये घातली, मेन स्विच मात्र खाली केला नाही. त्याचे २३० व्होल्ट सर्व्हिस वायरमधून डीपीवर जातात आणि डीओ फ्यूज लागलेले असतील तर पलीकडे दोन तारांमध्ये दहा हजार व्होल्टच्या आसपास उभे राहतात. दोन किलोमीटरवर खांबावर बसलेल्या माणसाने उपकेंद्र बंद असल्याची खात्री केलेली असते. म्हणून कामाच्या दोन्ही बाजूंना डिस्चार्ज रॉड लावून तार जमिनीला जोडायची, एका बाजूला नाही. त्या भागातल्या प्रत्येक डीपीचे डीओ फ्यूज काढून खाली ठेवायचे. लघुदाब तारेवर काम असेल तर तीही जमिनीला जोडायची. हे पथकाने करायचे. आपण करायचे ते असे: दिवेआगर, हरिहरेश्वर, काशीद, गुहागर, तारकर्ली अशा पर्यटनाच्या गावांत जनित्रे घरोघर झाली आहेत. ग्रामपंचायतीने त्यांची यादी करावी आणि प्रत्येकाला चेंजओव्हर स्विच (वाहिनी किंवा जनित्र, एका वेळी एकच जोडणारा) आहे की नाही ते परवानाधारक वायरमनकडून तपासून घ्यावे. दोन पिनांची वायर दिसली तर तिथेच कापावी. छतावरच्या सौर पॅनेलची चिंता त्या मानाने कमी, कारण वाहिनी बंद झाली की ग्रिडला जोडलेला इन्व्हर्टर आपोआप थांबतो. पण त्याचमुळे सौर पॅनेल बसवलेले प्राथमिक आरोग्य केंद्रही अंधारात जाते. लस आणि सर्पदंशाची औषधे ठेवलेल्या केंद्रांना बॅटरीसह इन्व्हर्टर द्या.

पाण्यासाठी वीज येण्याची वाट पाहायची गरज नसते. ग्रामपंचायतीच्या योजनेवरचा पाच अश्वशक्तीचा तीन फेजचा पंप चालताना सात-साडेसात अँपिअर घेतो, पण सुरू होताना सहापट. म्हणून त्याला पाच-सात केव्हीएचे जनित्र पुरत नाही, ते घशात अडकल्यासारखे करून बंद पडते; पंधरा केव्हीएचे हवे. तासाला दोन-अडीच लिटर डिझेल धरा. ट्रॉलीवरचे एक जनित्र दिवसात तीन गावांच्या टाक्या भरू शकते, पण पंपघरात चेंजओव्हर आणि तीन फेजचा सॉकेट आधीपासून बसवलेला असला तरच. नाहीतर प्रत्येक गावी वायरमन शोधण्यात तास जातो. जनित्र जोडल्यावर पंप फिरतो पण पाणी नावापुरतेच येते, असे झाले तर पंप बिघडलेला नसतो, उलटा फिरत असतो. तीनपैकी कोणत्याही दोन वायरी अदलाबदल कराव्यात.

खाली पडलेले रोहित्र वरून ठीक दिसले तरी चढवून चालू करू नये. आतले वेटोळे सरकलेले असू शकते. तेलाची पातळी, बुशिंगला तडा, ब्रीदरमधल्या सिलिका जेलचा रंग पाहावा, मेगरने इन्सुलेशन मोजावे, आणि लोड न देता काही तास चालू ठेवून आवाज ऐकावा. पुराच्या पाण्यात बुडालेले असेल तर थेट कार्यशाळेत.

लघुदाब वाहिनीकडे येतो. श्रीवर्धनी रोठा सुपारीच्या बागा असोत की गुहागरच्या माडांच्या वाड्या, उघड्या चार-पाच तारा झाडांमधून, कधी झाडांना घासत जातात. निसर्गमध्ये या वाड्या आडव्या झाल्या तेव्हा त्यांच्याखाली तारा पिळवटून गेल्या. त्या सोडवायच्या तर आधी बाग साफ व्हायला हवी, आणि ज्याची वीस वर्षांची बाग एका दुपारी गेली त्या बागायतदाराकडे मजूर लावायला पैसे नसतात. तारेखालची तीन मीटरची पट्टी सरकारी खर्चाने साफ करण्याचा आदेश पहिल्या आठवड्यातच निघाला पाहिजे. आणि तिथे पुन्हा उघडी तार ओढू नये. एबी केबल, म्हणजे आवरण असलेल्या तारांचा पीळ, फांदी टेकली तरी चालते, आणि झाड पडले तरी बहुधा तुटण्याऐवजी खाली येते. उचलून परत टांगता येते.

लघुदाब तार चालू करताना होणारी सर्वात महाग चूक न्यूट्रलची. चौथी तार कुठेतरी तुटलेली राहते, किंवा डीपीवरचा न्यूट्रलचा जोड गंजून सुटलेला असतो, आणि वीज सोडली जाते. मग एका फेजवरच्या घरात दीडशे व्होल्ट आणि शेजारच्या घरात तीनशेच्या वर. पंधरा दिवस वाट पाहिलेल्या घरातला फ्रिज, टीव्ही, पाण्याची मोटर पाच मिनिटांत जळते. वीज सोडण्याआधी डीपीपासून शेवटच्या खांबापर्यंत न्यूट्रलची सलगता तपासावी, डीपीच्या न्यूट्रलचे अर्थिंग मोजावे, आणि वीज सोडल्यावर शेवटच्या खांबावर तिन्ही फेजचे न्यूट्रलशी व्होल्टेज पाहावे. तिन्ही आकडे २३०च्या आसपास आले तरच घरांचे कटआउट लावावेत, तेही एका वेळी थोडे. अनेक दिवसांनी वीज आली की प्रत्येक फ्रिज, प्रत्येक पंप एकदमच सुरू होतो आणि फ्यूज उडतो. लोक समजतात पुन्हा बिघडले. गावाला आदल्या दिवशी दवंडी द्यावी: मेन स्विच बंद ठेवा, वीज आल्यावर आधी दिवे, अर्ध्या तासाने बाकीचे.

घराचे काय? पत्रे उडालेले, कौले फुटलेली, मीटरच्या बोर्डात पाणी. अशा घराला वीज देणे धोक्याचे आणि न देणे क्रूर. नियमाने घरातली वायरिंग ही घरमालकाची जबाबदारी. त्यामुळे वीज कंपनीचे पथक मीटरपाशी थांबते. इथे तालुक्यातल्या आयटीआयचे वायरमन आणि इलेक्ट्रिशियनचे विद्यार्थी कामाला येतात. एक परवानाधारक वायरमन आणि दोन विद्यार्थी असे पथक दिवसाला वीस-पंचवीस घरे तपासू शकते: बोर्ड उघडून कोरडा करायचा, घरातल्या वायरिंगचे इन्सुलेशन मेगरने मोजायचे, अर्थिंग आहे का पाहायचे. ज्या घराची वायरिंग निकामी आहे तिथे ती सारी तोडून ठेवायची आणि मीटरपाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (गळती होताच वीज तोडणारा स्विच), एक दिवा, एक सॉकेट असलेला छोटा बोर्ड लावायचा. मोबाइल चार्ज होतो, रात्री पोरांना उजेड मिळतो, आणि घर दुरुस्त होईपर्यंत कोणी मरत नाही. असे पाचशे बोर्ड आणि दहा किलोमीटर सर्व्हिस वायर तालुक्याला तयार असावी.

बाहेरून आलेल्या पथकांकडे कामगार म्हणून नव्हे, पाहुणे म्हणून पाहा. शाळेच्या वर्गात कोरडी झोपायची जागा, दोन वेळचे गरम जेवण, ओले कपडे वाळवायची सोय. खाचरात गुडघाभर चिखलात काम म्हणजे लेप्टो. आरोग्य अधिकाऱ्याने पहिल्याच दिवशी त्यांना प्रतिबंधक गोळ्यांबद्दल सांगावे. कातळावर, दगडांच्या राशीत फुरसे असते, आणि आडव्या झाडांखाली हात घालणाऱ्यालाच ते डसते. कोणत्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशावरचे इंजेक्शन आहे हे पथकाच्या गाडीवर लिहिलेले असावे. दहा दिवसांनी पथक बदला. दमलेला माणूस रॉड लावायला विसरतो.

पुन्हा उभारणी करताना खांब का पडले याचा विचार करूनच खड्डे मारावेत. खांबाच्या लांबीचा सहावा हिस्सा जमिनीत हवा, नऊ मीटरला दीड मीटर. कातळ लागला की हा खड्डा तीन फुटांवर थांबतो, आणि तोच खांब वादळात उपटतो. कातळात ब्रेकर लावलाच पाहिजे. खाचरात खड्डा पाण्याने भरतो. तिथे तळाला प्लेट, भोवती दगडांची भराई आणि वर काँक्रीट. स्टे बांधावरून गेला म्हणून शेतकऱ्याने सोडलेला असतो. त्याच्याशी बोलून जागा बदला, पण स्टे ठेवा. सरळ लांब वाहिनीत एक खांब पडला की तारेच्या ओढीने पुढचे एकामागून एक जातात. हे थांबवायला किलोमीटर-दीड किलोमीटरवर दोन्ही बाजूंना स्टे दिलेला भक्कम कट पॉइंट, म्हणजे तार तोडून दोन्हीकडे बांधलेला खांब, हवा. तिथे एबी स्विचही असला तर पुढच्या वेळी बिघाड तेवढ्याच तुकड्यात राहतो आणि अलीकडची गावे त्याच दिवशी चालू होतात.

भूमिगत केबलची मागणी प्रत्येक वादळानंतर होते. अलिबागसारख्या शहरात, दाट वस्तीच्या किनारपट्टीत ती योग्य आहे. डोंगरावरच्या वाड्यांना कातळ फोडून केबल नेणे परवडणार नाही, आणि तिथे केबल बिघडली तर दोष शोधायलाच दिवस लागतात. त्यांना भक्कम खांब आणि आवरणाची तार हाच मार्ग.

एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात आपल्या कार्यालयात एक बैठक घ्यावी. वीज कंपनीचे उपविभागांचे अभियंते, गटविकास अधिकारी, पोलीस वायरलेसचे अधिकारी, आयटीआयचे प्राचार्य आणि आरोग्य अधिकारी, आणि टेबलावर डीपींची यादी. तालुक्याच्या गोदामात साठा आहे का, पोती भरली आहेत का, पंपघरांना चेंजओव्हर बसले का, हे मोजायला आम्ही येऊ. मोजणीसाठी मानधन नको. दर तालुक्याला एक दिवस आणि गोदामाची किल्ली असलेला माणूस बरोबर द्यावा.

आपले,
कोकणातील वीजवाहिन्यांवर काम केलेले अभियंते, लाईनमन आणि वायरमन